शिटीशिवाय ४८९ विजय: जॉन गलार्डी यांचं प्रकरण

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून चारशेच्या वर सामने जिंकलेली माणसं तीन. ग्रॅम्बलिंग स्टेटचे एडी रॉबिन्सन ४०८, पेन स्टेटचे जो पॅटर्नो ४०९ आणि मिनेसोटा राज्यातल्या सेंट जॉन्स विद्यापीठाचे जॉन गलार्डी ४८९. पहिल्या दोघांत एका सामन्याचा फरक, आणि तिसरे पॅटर्नोंच्याही ऐंशी सामने पुढे. लहान कॉलेजांचा हंगाम साधारण दहा सामन्यांचा असतो. म्हणजे ऐंशी विजयांसाठी आठ वर्षं एकही सामना न हरता काढावी लागतील.

पॅटर्नोंच्या मैदानावर लाखाहून जास्त प्रेक्षक मावतात. गलार्डींच्या मैदानावर बसायची सोय साडेसात हजारांची; बाकीचे लोक पाइनच्या झाडांनी वेढलेल्या टेकडीच्या उतारावर बसकण मारतात. पॅटर्नोंना सगळा देश ओळखायचा, गलार्डींना मुख्यतः मिनेसोटा. त्यांच्याविषयी जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं एकाच सुरातलं आहे: एक मिश्कील म्हातारा, त्याचे विक्षिप्त नियम, सरावात कुणी कुणाला पाडायचं नाही, शिटी नाही, 'कोच' म्हणायचं नाही, आणि तरी बघा कसा जिंकतो! गोष्ट गोड आहे, पण मला ती अर्धवट वाटते. या नियमांचा गाभा गलार्डींकडे वयाच्या सोळाव्या वर्षापासूनच होता. विजेतेपदांचा पाऊस मात्र त्यांची साठी उलटल्यावर पडला. मधल्या काळात काय घडलं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

आधी खेळाविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मैदानावर दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी आखलेली एक चाल. क्वार्टरबॅक चेंडू घेतो; तो फेकतो, दुसऱ्याच्या हातात देतो किंवा स्वतः पळतो. चेंडूवाल्याला जमिनीवर पाडणं म्हणजे टॅकल. कबड्डीतली पकड आठवा, फक्त पकडणारा आणि सुटणारा दोघंही शंभर-शंभर किलोचे, हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड चढवलेले, आणि दोघंही पूर्ण वेगात. असा खेळ शिकवताना टॅकल घोटून घ्यायचं नाही हे कुठल्याही प्रशिक्षकाला वेडेपणाचं वाटेल, आणि वाटत आलेलंही आहे.

त्रिनिदाद, १९४३

गलार्डींचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ चा, कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकाच्या त्रिनिदाद गावातला. कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. वडील व्हेंतुरा इटलीहून आलेले. आधी लोहारकाम करायचे, मग त्यांनी गाड्यांचे पत्रे दुरुस्त करण्याचं गॅरेज काढलं. १९४३ मध्ये जॉन गावातल्या कॅथलिक शाळेच्या संघात खेळत होता. महायुद्ध चालू होतं. प्रशिक्षकाला सैन्यात बोलावणं आलं आणि शाळेने संघ बंद करायचं ठरवलं. त्यावर सोळा वर्षांच्या या पोराने शाळेला गळ घातली की संघ राहू द्या, प्रशिक्षण मी देतो. शाळेने ऐकलं.

अधिकार हाती येताच त्याने काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. नवीन काही आणलं नाही. जे त्याला खेळाडू म्हणून छळत होतं, ते काढून टाकलं. सरावाआधीची दमवून टाकणारी कवायत गेली. मैदानाला फेऱ्या मारणं गेलं. एकमेकांना धडका देत राहण्याचे व्यायाम गेले. आणि पाणी पिण्यावरची बंदी गेली. त्या काळी सरावात पाणी प्यालं की खेळाडू मऊ पडतो अशी पक्की समजूत होती; घसा सुकला तरी दम काढायचा, हाच कणखरपणा. पोराला ते पटेना. तहान लागली तर पाणी प्यावं, एवढंच त्याचं म्हणणं.

आज हे क्षुल्लक वाटतं. पण २००१ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनंतर, मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा कोरी स्ट्रिंगर हा खेळाडू मॅनकेटो इथल्या सराव शिबिरात उष्माघाताने गेला. त्यानंतर कुठे अमेरिकेत फुटबॉल सरावातल्या उन्हातान्हाकडे सगळ्यांनी गांभीर्याने पाहायला सुरुवात केली.

शाळेचा संघ टिकला, जिंकूही लागला. गलार्डी कोलोरॅडो कॉलेजात शिकता शिकता शाळेच्या संघांना प्रशिक्षण देत राहिले. १९४९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी मोंटाना राज्यातल्या हेलेना गावच्या कॅरल कॉलेजने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमलं. वय बावीस. तिथल्या चार हंगामांत २४ विजय, ६ पराभव, एक बरोबरी. वर बास्केटबॉलचा संघही त्यांच्याच गळ्यात. लहान कॉलेजात प्रशिक्षकाची नोकरी अशीच असते: एका पगारात दोन-तीन खेळ.

मठाचं कॉलेज

१९५३ मध्ये त्यांना सेंट जॉन्सने बोलावलं. हे ठिकाण समजून घ्यायला हवं. मिनियापोलिसच्या वायव्येला गाडीने दीड तासावर कॉलेजव्हिल आहे. तळी, पाइनचं रान आणि मधोमध बेनेडिक्टाइन मठ. मठाची स्थापना १८५६ ची, कॉलेजची त्याच्या पुढच्या वर्षी. कॉलेज फक्त मुलांचं. मुलींचं सेंट बेनेडिक्ट कॉलेज काही मैलांवर. विद्यार्थी दोन हजारांच्या आत. इथल्या संघाला सगळे 'जॉनीज' म्हणतात. हिवाळा असा की नोव्हेंबरच्या शेवटी सामना असला तर आधी मैदानावरचा बर्फ उपसायचा.

गलार्डींच्या आधी तिथे जॉनी 'ब्लड' मॅकनॅली प्रशिक्षक होते. ते याच कॉलेजचे माजी विद्यार्थी, ग्रीन बे पॅकर्सचे गाजलेले खेळाडू, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत निवडले गेलेले. एवढा मोठा माणूस तीन वर्षांत निघून गेला, आणि जाताना म्हणे नव्या प्रशिक्षकाला सांगून गेला की इथे कुणीही जिंकू शकणार नाही, हे मठवाले पैसाच सोडत नाहीत. किस्सा तंतोतंत असाच घडला का, कोण जाणे. पण कॉलेजव्हिलमध्ये तो आवडीने सांगतात.

पहिल्याच हंगामात, १९५३ ला, जॉनीजनी मिनेसोटातल्या लहान कॉलेजांच्या लीगचं विजेतेपद मिळवलं. चरित्र लिहिणारे इथून उडी मारतात ती थेट १९६३ वर. पण मधे पाहा. १९५३ नंतरचं लीगचं पुढचं विजेतेपद १९६२ चं. म्हणजे सलग आठ हंगाम काही नाही. आजच्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात, आणि बऱ्याच लहान कॉलेजांतही, आठ कोरड्या हंगामांनंतर प्रशिक्षकाचं टेबल रिकामं झालेलं असतं. मठाने त्यांना ठेवलं.

का ठेवलं याचं एक साधं उत्तर असं की माणूस स्वस्तात बरंच काही करत होता. फुटबॉल होताच, ट्रॅक अँड फील्डही होतं, आणि पाच वर्षं आइस हॉकीचा संघही. आइस हॉकी ते आयुष्यात कधी खेळले नव्हते. तरी नोंद आहे ४२ विजय, २५ पराभव, एक बरोबरी. दुसरं उत्तर मठाच्या स्वभावात असावं. जी संस्था शतकांच्या हिशोबात विचार करते, तिला आठ वर्षं फार वाटत नसतील. हा माझा तर्क आहे, पण पुढच्या सगळ्या कहाणीशी तो जुळतो.

१९६३ मध्ये लहान कॉलेजांच्या एनएआयए या संघटनेच्या अंतिम सामन्यात, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोला, जॉनीजनी टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू संघाला ३३-२७ ने हरवलं. १९६५ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद, या वेळी लिनफील्डवर ३३-०. एकोणचाळिसाव्या वर्षी दोन राष्ट्रीय विजेतेपदं नावावर असलेला प्रशिक्षक सहसा मोठ्या विद्यापीठाकडे जातो. जास्त पगार, मोठं मैदान, दूरदर्शनवर सामने. गलार्डी गेले नाहीत. १९५३ ला आले ते २०१२ पर्यंत, साठ हंगाम, तिथेच.

'नाही' ची यादी

त्यांच्या नियमांची यादी वर्षागणिक वाढत गेली. त्यातला जवळजवळ प्रत्येक नियम 'नाही' ने सुरू होतो. सरावात टॅकल नाही. ढकलायची लोखंडी स्लेज नाही. शिटी नाही. दीड तासावर सराव नाही. पावसात, कडाक्याच्या थंडीत किंवा डास फार झाले तर सरावच नाही. (मिनेसोटाचे डास ज्यांनी पाहिलेत त्यांना या शेवटच्या नियमात विनोद दिसणार नाही.) वसंत ऋतूतला सराव नाही. वजनं उचलण्याची सक्ती नाही. चालींची जाडजूड वही नाही. संघातून कुणाला काढायचं नाही. नव्या पोरांना छळायचं नाही. सहकाऱ्यावर ओरडायचं नाही. प्रशिक्षकाला 'कोच' म्हणायचं नाही, 'जॉन' म्हणायचं. कर्णधार एक नाही. शेवटच्या वर्षाचे सगळेच कर्णधार.

आणि कवायतीची नक्कल म्हणून एक प्रकार होता. संघ गवतावर आडवा व्हायचा, आणि कुणीतरी शेजाऱ्याला सांगायचं की काय सुंदर दिवस आहे. झाला व्यायाम. पाहायला आलेले प्रतिस्पर्धी प्रशिक्षक चक्रावून जायचे, आणि मला वाटतं निम्मा हेतू तोच असावा.

यादीतले काही नियम गमतीचे आहेत, काही जाहिरातीचे. कामाचे तीन: टॅकल नाही, दीड तासावर सराव नाही, कुणाला काढायचं नाही. बाकीचे या तिघांभोवती जमलेले.

टॅकलचं घ्या. गलार्डींचं गणित असं की सरावात पाडापाडी केली तर शनिवारच्या सामन्याला निम्मे लोक लंगडत येणार. ज्यांना मुळात पाडता येत नाही अशी पोरं मी घेतच नाही. शाळेतल्या सामन्यांतून त्यांनी ते दाखवलेलं असतं. मग मी मंगळवारी नेमकं काय तपासू? सरावात बचावपटूने योग्य जागी, योग्य वेळी पोचायचं, चेंडूवाल्यासमोर उभं राहायचं, आणि थांबायचं. जागा चुकली तर चूक. जागा बरोबर असेल तर पाडणं हा शेवटचा अर्धा सेकंद. त्यांच्या मते कठीण भाग पोचण्याचा होता.

यात एक गोष्ट सहज निसटते. टॅकल काढल्यावर जो वेळ वाचतो तो रिकामा जात नव्हता. त्या दीड तासात एकच चाल पुन्हा पुन्हा चालवली जायची. समोरचा संघ असा उभा राहिला तर काय, तसा सरकला तर काय. क्वार्टरबॅकला मैदानावर उभं राहून चाल बदलण्याची मुभा होती, आणि ती मुभा पेलण्यासाठी त्याला समोरची मांडणी क्षणात वाचता यायला हवी. सामन्यांच्या चित्रफिती पाहण्याचं गलार्डींना वेडच होतं. म्हणजे शरीराची झीज कमी केली, पण डोक्याचं काम वाढवलं. विद्यार्थ्यांसाठी ते फुटबॉलच्या सिद्धांताचा एक अभ्यासक्रमही शिकवायचे आणि त्याला खेळाशी संबंध नसलेली मुलंही गर्दी करायची. ढिलेपणाचा आरोप त्यांच्यावर कायम झाला. ज्यांनी आरोप केला त्यांनी सरावातली शांतता पाहिली होती, पुनरावृत्ती पाहिली नव्हती.

'कुणाला काढायचं नाही' या नियमाचा हिशोब वेगळा आहे. सेंट जॉन्सच्या संघात दीडशेच्या वर खेळाडू असायचे. विद्यार्थी दोन हजारांच्या आत, म्हणजे दर बारा-तेरा मुलांमागे एक जण फुटबॉलच्या संघात. मैदानात एका वेळी अकरा. एवढ्या मुलांना घेऊन धडकाधडकीचा सराव करायचा म्हटलं तरी ते जमवणं अवघड. धडका नसतील तर सगळ्यांना मैदानावर उभं करता येतं. दोन नियम एकमेकांना असे टेकू देतात. सामना हातात आला की राखीव पोरं उतरायची, त्यामुळे शंभराव्या क्रमांकाच्या मुलालाही आपण संघात आहोत असं वाटायचं.

आणि कॉलेजचं काय? १९७३ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या क्रीडासंघटनेने, एनसीएएने, तिसरी श्रेणी सुरू केली. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळाडू इतर विद्यार्थ्यांसारखीच फी भरतो. सवलत मिळाली तर गुणांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. त्यामुळे संघातला प्रत्येक जादा मुलगा हा कॉलेजसाठी खर्च नसून प्रवेश असतो. गलार्डी कुणाला काढत नव्हते त्यात माणुसकी होतीच, पण मठाच्या मुनीमजींनाही ते मानवणारं होतं. चांगुलपणा आणि जमाखर्च एकाच दिशेला चालले की ती व्यवस्था फार टिकते. त्यांच्या चरित्रांत हा मुद्दा क्वचितच येतो, आणि त्यामुळे गोष्ट जरा जास्तच सोज्वळ होते.

साठीनंतर

आता लीगच्या विजेतेपदांचं वर्षवार कोष्टक काढू. १९५३ ते १९८८ या छत्तीस हंगामांत बारा. १९८९ ते २००९ या एकवीस हंगामांत पंधरा. म्हणजे पहिल्या काळात तीन वर्षांतून एकदा, दुसऱ्यात जवळपास दर दीड वर्षाला. १९८९ च्या हंगामात गलार्डी त्रेसष्टीला टेकले होते, २००९ मध्ये त्र्याऐंशीला.

नियम तेच होते. मग बदललं काय? माझ्या मते साठा. चाळीस वर्षं एका जागी राहिल्यावर मिनेसोटातल्या कॅथलिक शाळांत, गावोगावच्या संघांत, त्यांचे जुने खेळाडू प्रशिक्षक म्हणून बसले होते. चांगला मुलगा दिसला की त्याला कॉलेजव्हिलचा रस्ता दाखवणारं कुणीतरी तिथे असायचंच. माजी खेळाडूंची मुलं संघात येऊ लागली. मदतनीस प्रशिक्षक याच संघातून तयार झालेले. गलार्डींचा मुलगा जिम आक्रमणाची बाजू सांभाळायचा. नव्या पोराला पद्धत समजावून सांगावी लागत नव्हती, बापाकडून किंवा शाळेतल्या सरांकडून ती त्याच्या कानांवर पडलेली असायची. शिष्यवृत्तीचं आमिष दाखवता येत नाही अशा श्रेणीत हा साठा सोन्याच्या मोलाचा. आणि तो विकत मिळत नाही, वर्षं घालूनच जमतो.

१९९३ चा हंगाम या सगळ्याचं टोक होतं: सरासरी दर सामन्याला ६१.५ गुण. तिसऱ्या श्रेणीतल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला गलार्डींच्या नावाचा पुरस्कार देणंही त्याच वर्षी सुरू झालं. आणि त्याच हंगामाच्या उपांत्य सामन्यात ओहायोच्या माउंट युनियनने जॉनीजना ५६-८ असं धुऊन काढलं.

माउंट युनियनशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. तिथले प्रशिक्षक लॅरी केरेस. सत्तावीस हंगामांत ३३२ विजय, २४ पराभव, ३ बरोबरी आणि अकरा राष्ट्रीय विजेतेपदं. विजयांच्या टक्केवारीत केरेस गलार्डींच्या कितीतरी पुढे आहेत. ज्याला 'सर्वात यशस्वी प्रशिक्षक कोण' हा वाद घालायचा असेल त्याने केरेस यांचं नाव आधी घ्यावं. ४८९ हा आकडा दीर्घायुष्याचाही आहे, हे गलार्डींच्या चाहत्यांनी मान्य करायला हरकत नाही. (राष्ट्रीय विजेतेपदं गलार्डींची चार: वर सांगितलेली दोन, १९७६ मध्ये टाउसन स्टेटवर ३१-२८, आणि चौथं पुढे येतंच.)

२००० मध्ये दोघे अंतिम सामन्यात भेटले. माउंट युनियन १०-७. मग २००३. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर जॉनीजनी बेथेलला २९-२६ असं हरवलं आणि गलार्डींचा ४०९ वा विजय झाला. एडी रॉबिन्सन मागे पडले. साडेसात हजारांच्या मैदानावर त्या दिवशी १३,१०७ लोक होते. विक्रम झाला, आता सत्त्याहत्तरीचा माणूस निवृत्त होईल असं अनेकांना वाटलं असेल. संघ मात्र जिंकतच राहिला आणि डिसेंबरात व्हर्जिनियातल्या सेलमला पुन्हा माउंट युनियनसमोर उभा ठाकला. केरेस यांचा संघ तेव्हा सलग पंचावन्न सामने अजिंक्य होता. निकाल सेंट जॉन्स २४, माउंट युनियन ६. जॉनीज त्या हंगामात १४ पैकी १४ सामने जिंकले. झेलपटू ब्लेक एलियटला त्या वर्षीचा गलार्डी पुरस्कार मिळाला. स्वतःच्या प्रशिक्षकाच्या नावाचं पारितोषिक घेणारा खेळाडू.

सरावात कधीही कुणाला न पाडणाऱ्या बचावफळीने देशातल्या सर्वात धारदार आक्रमणाला सहा गुणांवर रोखलं. टॅकल शिकवायलाच हवं असं म्हणणाऱ्यांनी या एका सामन्याचं उत्तर द्यायला हवं. अर्थात १९९३ च्या छप्पन्न गुणांचं उत्तर गलार्डींच्या बाजूनेही द्यावं लागेल. पद्धत दोन्ही वेळा तीच होती.

२००६ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं. तोवर तो मान निवृत्तांसाठी राखीव होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण अजून काम करणाऱ्या प्रशिक्षकांना घ्यायचं असं ठरलं आणि फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडन व गलार्डी हे असे पहिले दोघे.

सेंट थॉमस

लीगचं त्यांचं सत्ताविसावं आणि शेवटचं विजेतेपद २००९ चं. २०१० पासून सेंट पॉल शहरातल्या सेंट थॉमसने लीग ताब्यात घेतली. हेही कॅथलिक, जुने प्रतिस्पर्धी, पण बरंच मोठं विद्यापीठ. २००८ मध्ये ग्लेन करूसो हे तरुण प्रशिक्षक तिथे आले आणि त्यांनी सगळं मनापासून केलं: भरती, व्यायामशाळा, वर्षभराचं नियोजन. २०१२ मध्ये सेंट थॉमस राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. जॉनीजचा २०११ चा हंगाम ६-४, २०१२ चा ५-५. शहाऐंशीव्या वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, गलार्डींनी निवृत्ती जाहीर केली. केरेसही त्याच हंगामानंतर थांबले. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी गलार्डी गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन.

ही शेवटची तीन वर्षं वयावर ढकलून मोकळं होता येतं. मला ते पुरेसं वाटत नाही. 'नाही' च्या यादीचा फायदा इतर संघ आपली ताकद वाया घालवत होते तोवर मोठा होता. थकलेल्या, लंगडणाऱ्या संघांसमोर ताजा संघ उतरवायचा, हे त्यातलं मर्म. एकविसाव्या शतकात इतर प्रशिक्षकही शहाणे झाले: सराव आखीव, विश्रांती मोजलेली, आहार ठरलेला, पाणी तर सगळेच पाजतात. प्रतिस्पर्ध्यांनी मूर्खपणा सोडला की मूर्खपणा टाळण्याचं भांडवल आटतं. वजनं उचलण्याची सक्ती नको हा नियम १९६० मध्ये पुढचा होता. २०१० मध्ये तो मागे पडलेला असू शकतो.

पण साठा आटला नव्हता. त्यांच्या जागी त्यांचेच मदतनीस गॅरी फॅशिंग आले. २०१८ चा गलार्डी पुरस्कार सेंट जॉन्सच्या जॅक्सन अर्डमन या क्वार्टरबॅकला मिळाला. २०१९ मध्ये संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत होता. त्याच वर्षी लीगने सेंट थॉमसला बाहेरचा रस्ता दाखवला, कारण इतर कॉलेजं त्यांच्यासमोर टिकेनात. ते थेट पहिल्या श्रेणीत गेले.

इतरांनी का उचललं नाही?

राहतो हा प्रश्न, आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. पद्धत गुप्त नव्हती. गलार्डी कुणालाही सांगायचे, प्रशिक्षक पाहायला यायचे, वर्तमानपत्रांत यादी छापून यायची. चार राष्ट्रीय विजेतेपदं समोर होती. तरी अर्धशतक जवळजवळ कुणी टॅकल सोडलं नाही.

सामान्य प्रशिक्षकाच्या जागी बसून पाहा. करार तीन-चार वर्षांचा. तुम्ही सरावात टॅकल घेतलं आणि शनिवारी खेळाडूंनी चार टॅकल चुकवले, तर दोष खेळाडूंचा. तुम्ही सरावात टॅकल बंद केलं आणि तेच चार टॅकल चुकले, तर दोष तुमचा, आणि माजी विद्यार्थी संघटनेची पत्रं सोमवारी अध्यक्षांच्या टेबलावर. दुखापती मात्र नशिबाच्या खात्यात जातात. सराव हलका ठेवला असता तर किती जण धडधाकट राहिले असते, हे कुणी विचारत नाही. रूढ चूक करणाऱ्याला नोकरी गमवावी लागत नाही. गलार्डींना हा धोका आयुष्यात दोनदाच होता, १९४३ मध्ये आणि १९५० च्या दशकात. पहिल्या वेळी शाळेकडे दुसरा प्रशिक्षकच नव्हता, दुसऱ्या वेळी मठ थांबायला तयार होता.

पुढे डोक्याच्या दुखापतींचा प्रश्न उफाळला. पिट्सबर्गचे डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेबस्टर या दिवंगत माजी खेळाडूच्या, वारंवारच्या धडकांनी खराब झालेल्या मेंदूवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. २०११ मध्ये व्यावसायिक लीगने खेळाडू संघटनेशी केलेल्या करारात पूर्ण पॅड चढवून होणाऱ्या सरावांवर हंगामात चौदाची मर्यादा आली. त्याच्या आदल्या वर्षी डार्टमथ या कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी आपल्या संघात सरावातलं टॅकल पूर्ण बंद केलं होतं. त्यांचे आधीचे दोन हंगाम ०-१० आणि २-८ असे गेले होते. गमवायला फारसं काही उरलं नव्हतं. खेळाडूंनी एकमेकांना पाडण्याऐवजी पाडायला एक धावता यांत्रिक पुतळा त्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून घडवून घेतला. २०१५ मध्ये डार्टमथ आयव्ही लीगचा, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांच्या लीगचा, संयुक्त विजेता झाला.

२०१६ मध्ये आयव्ही लीगच्या आठही प्रशिक्षकांनी एकमताने हंगामातल्या सरावांतून टॅकल काढून टाकलं. आठांनी एकदम काढल्यामुळे शनिवारी टॅकल चुकलं तर कुणा एकाकडे बोट दाखवायची सोय राहिली नाही.